थोरलीचा पांढरा

लोकांना मासे कळत नाहीत. हे मी रागाने म्हणत नाही, चाळीस वर्षं बघून म्हणते. आमच्या फार्मवर येणारा माणूस हौदाशी वाकतो, "अय्या, किती गोड!" म्हणतो आणि नेमकं सगळ्यांत भिकार माशाकडे बोट दाखवतो. एका बाईंना सोफ्याला शोभेल असा मासा हवा होता. पर्समधून सोफ्याच्या कापडाचा तुकडा काढून त्यांनी तो पाण्यावर धरला. दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, त्यांना हसत हसत चार मासे विकले आणि वर कापडाचीही स्तुती केली. दादाला मासे कळत नाहीत, पण माणसं कळतात. माणसं कळायला फारशी अक्कल लागत नाही.

आम्ही कोई मासे पैदा करतो. पांढऱ्या अंगावर लाल डाग, एवढी एकच जात. बाबांनी सुरू केली, आम्ही चालवतो. पैदास म्हणजे मासे वाढवणं अशी लोकांची समजूत असते. वाढायला काय, मासे डबक्यातही वाढतात. पैदास म्हणजे नाही म्हणणं. मादी एका सकाळी तीन लाख अंडी टाकते, त्यातली लाखभर पिल्लं जगतात. दीड महिन्याची झाली की पहिली निवड. वाकड्या कण्याची, अख्खी पांढरी, अख्खी लाल, सगळी बाहेर. तिसऱ्या महिन्यात दुसरी निवड. पाचव्या महिन्यात मासा बोटाएवढा लांब झाला की शेवटची. लाखातले पन्नास-साठ राहतात. बाकीचे निळ्या पिंपात, आणि पिंपातून किलोवाल्याच्या टेम्पोत.

किलोवाल्याचं खरं नाव मला माहीत नाही, विचारावंसंही कधी वाटलं नाही. बाजारात त्याचं मासे, पोपट, ससे असं सगळं एकत्र विकणारं दुकान आहे, आणि आमचा टाकाऊ माल तो वजनावर उचलतो. गेली दोन वर्षं स्वारी जरा जास्तच खुशीत असायची. "ताई, तुमचा टाकाऊसुद्धा हल्ली काय झकास निघतो!" म्हणायचा. गाढवाला गुळाची चव काय, असं मी मनात म्हणायची. मनात म्हणजे त्याला ऐकू जाईल इतपत.

निवड मी करते. फक्त मी. तरुणपणी बाबांनी आम्हा दोघांना तसराळ्यापुढे बसवून बघितलं होतं. दादा प्रत्येक पिल्लाला "असू दे ना बाबा, बिचारं" म्हणायचा. बाबांनी त्याला गिऱ्हाइकांकडे लावलं आणि जाळी माझ्या हातात दिली. इनॅमलचं पांढरंशुभ्र, पसरट तसराळं, त्यात थोडं पाणी, एका वेळी दहा पिल्लं. माशाचा पांढरा तसराळ्याच्या पांढऱ्याशी ताडून बघायचा. आणि बघताना डावा डोळा मिटायचा. "दोन डोळ्यांनी बघितलं की माया येते," बाबा म्हणायचे. "एका डोळ्याने बघितलं की मासा दिसतो." तेव्हापासून मी उजव्या डोळ्यानेच निवड केली. माया येऊ दिली नाही. माशांवर नाही आणि, माझ्या वहिनीच्या मते, कुणावरच नाही.

आमच्या घराण्याचं सगळं वैभव थोरलीत आहे. थोरली म्हणजे आमची मूळ मादी. वय सतरा, लांबी माझ्या खांद्यापासून मनगटापर्यंत. लाल रंग काय, कुणाच्याही माशावर चढतो. पांढरा मिळत नाही. थोरलीचा पांढरा तापलेल्या दुधावर साय धरायला लागते तसा आहे, जाड आणि शांत. त्या पांढऱ्यासाठी बाबांनी आयुष्य घातलं, आणि तो अंगावर घेऊन ही पोहायला लागल्यावर त्यांना ती दोन वर्षंच बघायला मिळाली.

यंदाची अंडी थोरलीची शेवटची. अंडी टाकल्यावर दोन दिवस ती तळाशी कलंडून पडली होती, तेव्हाच मी ठरवलं, आता पुरे. आजवर तिच्या एकाही लेकीवर तो पांढरा पुरता उतरला नव्हता, म्हणजे यंदाच्या पिल्लांत तिच्या पांढऱ्याची एक तरी लेक निघायला हवी होती. एक निघाली असती तरी वाण पुढे चालला असता. नाही निघाली तर बाबांचं सगळं पाण्यात. मग दादाने खुशाल सोफ्याचे मासे विकत बसावं.

आणि लेक निघत नव्हती. गेल्या वर्षापासून बघावं ते पिल्लू पिवळट, जुन्या दातांसारखं. गेल्या वर्षीची सगळीच्या सगळी मी पिंपात घातली. आधी खाद्य बदललं. मग खाद्यवाला बदलला. मग विहिरीच्या पाण्यात लोखंड उतरतंय म्हणून गाळणी बसवून घेतली आणि ती बसवणाऱ्यालाही झापलं, कारण फरक पडला नाही. कामचुकार लोक सगळे. आमचं तसराळंसुद्धा पिवळं पडत चाललं होतं. भाचीला मी ते तीनदा घासायला लावलं.

भाची म्हणजे दादाची मुलगी. विम्याच्या ऑफिसात सात वर्षं खुर्ची झिजवून ती गेल्या वर्षी घरी आली आणि म्हणाली, मला निवड शिकायची आहे. जसा काही शिवणाचा क्लासच.

"आत्या, तसराळं स्वच्छ आहे गं," तिसऱ्यांदा घासून झाल्यावर ती म्हणाली.

"तुला दूध आणि चहा दोन्ही पांढरेच दिसत असतील."

"शेडमधला उजेड बघितलास का? कदाचित—"

"नाचता येईना, अंगण वाकडं."

बोलून उपयोग नसेल तिथे ती बोलत नाही. मी त्याला घुमेपणा म्हणायची.

शेवटच्या निवडीला नऊशे पिल्लं होती, दोन दिवसांचं काम. भाची दहा-दहा पिल्लं तसराळ्यात सोडायची, मी डावा डोळा मिटून बघायची. ज्यांच्या पांढऱ्यात पिवळेपणा त्यातल्या त्यात कमी, तेवढी ठेवत होते. मन लागत नव्हतं. वासरांत लंगडी गाय निवडायची वेळ आली होती आणि मला लंगड्या गाईंचा तिटकारा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा एका गिऱ्हाइकाला घेऊन शेडमध्ये आला. कुठल्याशा कंपनीचे साहेब, बंगल्यात नवा हौद बांधलेला, बूट चकचकीत. साहेब माझ्या मागे उभे राहून मान डोलवायला लागले. कशाला डोलवत होते ते त्यांनाच ठाऊक.

तेवढ्यात भाची म्हणाली, "आत्या, हिला ठेवूया."

तिने बोट दाखवलेलं पिल्लू अंगाने लांब होतं, खांद्याशी भरलेलं. पाठीवर लालचे तीन डाग, त्यातला पहिला डोक्यावरून तिरका उतरून डाव्या डोळ्यावर आलेला, कुणाला तरी डोळा मारल्यासारखा.

"पिवळी आहे," मी म्हणाले.

"मला नाही वाटत. मला तर हीच सगळ्यांत पांढरी दिसते. थोरलीसारखी."

थोरलीचं नाव घेतलं नसतं तर मी नुसती मान हलवून सोडून दिलं असतं. मी ते पिल्लू जाळीत उचललं, साहेबांच्या नाकापुढे धरलं आणि म्हटलं, "बघून घ्या. आमच्या पोरीला अजून विम्याची पॉलिसी आणि मासा यातला फरक कळत नाही." साहेब हसले. दादाही हसला, त्याचा धंदाच तो. मी पिल्लू पिंपात टाकलं. टाकलं कसलं, उडवलं.

भाचीचे कान लाल झाले. "मी तिला तिरपी म्हणत होते," एवढंच ती म्हणाली.

"टाकाऊला नाव द्यायचं नसतं."

एकसष्ट मासे ठेवले. दुपारी किलोवाला आला आणि पिंपं चढवून शीळ घालत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी थोरलीला विश्रांतीच्या हौदात हलवायचं होतं. मी आणि दादाने तिला ओल्या झोळीत घेतलं, दादा नेहमीप्रमाणे बोलत होता, झोळी कलली, आणि थोरलीची शेपटी फाडकन माझ्या उजव्या डोळ्यावर बसली. डोळ्यापुढे काजवे चमकले. कुणी म्हणेल तिने मुद्दाम मारलं. मासा मुद्दाम काही करत नाही, तो उद्योग माणसांचा.

डोळ्यांच्या डॉक्टरने मला आजी म्हटलं. मी बासष्ट वर्षांची आहे आणि त्याच्या वेटिंग रूममधल्या टाकीत दोन मासे पोट वर करून तरंगत होते, तेव्हा त्याच्याबद्दल माझं मत आधीच ठरलेलं होतं. "मार वरवरचा आहे, आठवड्याभरात सूज उतरेल," तो म्हणाला. "पण आजी, या डोळ्यात मोतीबिंदू चांगलाच पिकलाय. डाव्यातही सुरुवात आहे. पुढच्या महिन्यात ऑपरेशन करून टाकू." मी हो म्हटलं. साठीनंतर मोतीबिंदू कुणाला होत नाही? डोळ्यावर पट्टी बांधून घेतली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेले. खिडकीखालच्या ओट्यावर तसराळं ठेवलेलं होतं. पांढरंशुभ्र. बाबांनी विकत आणलं त्या दिवशी होतं तसं.

"हे कुणी घासलं?" मी विचारलं.

"कुणीच नाही," भाची म्हणाली. "परवापासून तिथेच आहे."

मी पट्टी वर सरकवली आणि सुजलेल्या पापणीच्या फटीतून उजव्या डोळ्याने बघितलं. पिवळं. डाव्याने बघितलं. पांढरं. पुन्हा उजव्याने, पुन्हा डाव्याने. दुकानाचं शटर खाली-वर करावं तशी मी ती पट्टी पाच-सहा वेळा खाली-वर केली. तसराळं काही बदललं नाही.

मग त्यात पाणी घेतलं आणि ठेवलेल्या एकसष्टांतले दहा मासे घातले. नीळ जास्त झालेल्या चादरी बघितल्यात? तसे दिसत होते. पातळ कातडीचे, निळसर, दुखणाइत पांढरे. पिवळ्या पडलेल्या डोळ्याला नेमके तेच सगळ्यांत कमी पिवळे वाटले होते. आणखी दहा घातले. तेही तसेच. लाखातून वेचून वेचून मी कचरा ठेवला होता.

मी स्टुलावर बसले. दोन वर्षं खाद्यवाल्याला, गाळणीवाल्याला, या पोरीला घालूनपाडून बोलले. अंगण सरळच होतं.

दादा आला, भाचीने त्याला हळू आवाजात काय ते सांगितलं. त्याचं तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "माहीत आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. म्हणून झालं. आता जा." तो खरंच गेला. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडायला तरी मिळालं असतं.

"गाडी काढ," मी भाचीला म्हणाले.

ती किल्ली हातात घेऊनच उभी होती.

किलोवाल्याचं दुकान अरुंद आणि खोल. दाराशी सशांचे पिंजरे, वर पोपट, सगळीकडे भुशाचा वास. काउंटरशेजारच्या मोठ्या काचेच्या टाकीत आमचे मासे होते आणि टाकीवर खडूने लिहिलेली पाटी होती: खास निवडक कोई. एरवी मी त्या पाटीवर तासभर बोलले असते.

टाकीत दोनेकशे उरले होते. बाकीचे त्याने कालच दुसऱ्या दुकानांना वाटून टाकले होते. भाची काचेला नाक लावून एकेक मासा बघत होती. डोळ्यावर डाग उतरलेली कुठे दिसेना.

"एक होती," मी किलोवाल्याला म्हणाले. "डोळा मारल्यासारखी."

"ती होय!" त्याचा चेहरा उजळला. "काय नखरेल पोर होती, ताई! काल संध्याकाळीच गेली. एक जण आला होता, बायको रुसलीय म्हणे. काचेचा गोल वाडगा घेतला, त्यात तिला सोडली, वर रिबीन बांधून दिली मी."

"कोण होता? राहतो कुठे?"

"आता ताई, माशाबरोबर पत्ता कोण लिहून घेतं?"

हातभर वाढली असती ती. थोरलीचा पांढरा अंगावर घेऊन पंधरा वर्षं राज्य केलं असतं तिने. आता वाडग्यात, टेबलावर, कुणाच्या तरी रुसव्यापायी. फार तर महिनाभर. आणि तिला तिथे पोचवणारी मी, सगळ्यांना नाही म्हणणारी. मला रडू आलं. पट्टीखाली उजवा डोळा झोंबायला लागला. सशांच्या आणि पोपटांच्या समोर रडायची वेळ आली माझ्यावर, आणि त्या किलोवाल्याच्या.

त्याने स्टूल पुढे केलं. मी बसले.

भाचीने माझी समजूत घातली नाही. ती गाडीकडे गेली आणि तसराळं घेऊन आली. ते घ्यायला मी सांगितलं नव्हतं. "काउंटर मोकळं करून द्या," ती किलोवाल्याला म्हणाली, "आणि ती मागची खिडकी उघडा." त्याने खारे शेंगदाणे, पावतीपुस्तक, पोपटाचे दाणे, सगळं झटक्यात उचललं.

सवयीने मी जाळी घेतली. पहिले दहा मासे तसराळ्यात सोडले, उजवा डोळा तर मिटलेलाच होता, डाव्याने बघायला लागले. दहाही पांढरे. दहाही सारखे. एकात आणि दुसऱ्यात काय फरक, मला सांगता येईना. मी पुन्हा पुन्हा वाकून बघितलं. हा डोळा मी चाळीस वर्षं मिटूनच ठेवला होता, त्याला बघायला कुणी शिकवलंच नव्हतं.

ऑपरेशनला महिना होता. टाकीतले मासे तोवर थांबणार नव्हते. दुकानात आत्ताच एक बाई आपल्या मुलीला घेऊन शिरली होती आणि ती मुलगी टाकीकडे बोट दाखवत होती.

मी जाळी भाचीपुढे धरली. "तू बघ."

तिने लगेच घेतली नाही. "एक डोळा मिटू?"

बाबांचं वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. "नको," मी म्हणाले. "दोन्ही उघडे ठेव."

किलोवाल्याने दार लोटून घेतलं. दोन तास लागले. मी तसराळ्यात पाणी बदलत होते, दहा सोडत होते, दहा उचलत होते. हे काम मी कधी केलं नव्हतं, दोनदा पाणी सांडलं. भाचीने ते फडक्याने पुसलं. ती नाही म्हणायची तेव्हा नुसती जाळी टाकीकडे वळवायची, हळूच. मासा उडवायची नाही. पण नाही म्हणजे नाहीच, एकदा वळवलेली जाळी तिने परत आणली नाही. एका माशाला ती तिसऱ्यांदा बघायला लागली तेव्हा मी म्हणणार होते, अगं, टाक तो. म्हटलं नाही.

मधेच मी किलोवाल्याला विचारलं, "आम्ही नेऊ त्याचे काय द्यायचे?"

"टाकाऊचे कसले पैसे घ्यायचे, ताई?" तो म्हणाला.

टोमणा असता तर मी परतवला असता. पण तो मनापासून म्हणाला होता, चहाचा कप माझ्यापुढे ठेवत. एवढं झोडपून मला आजवर कुणी काढलं नव्हतं.

शेवटी तसराळ्यात तीन राहिल्या, मग दोन, मग एक. तिच्या पाठीवर डाग दोनच होते, तेही साधे. तिरपीचा तोरा तिच्यात नव्हता. दुकानात आलेल्या कुणी तिच्याकडे बोट दाखवलं नसतं. मी वाकून डाव्या डोळ्याने बघितलं. मला ती इतर एकशे नव्वदांसारखीच दिसली.

"पांढरी आहे?" मी विचारलं.

भाची बराच वेळ बघत राहिली. "आहे. तिरपीइतकी नाही. पण थोरलीचाच पांढरा आहे."

"ठेवायची?"

आमच्या घरात हा प्रश्न सगळे मला विचारतात. माझ्या तोंडून तो निघाला तेव्हा भाचीने वर बघितलं, मी थट्टा करतेय का ते बघायला.

"ठेवूया," ती म्हणाली.

मी पिशवीत पाणी भरून घेतलं आणि पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं.